सप्तर्षींच्या शेजारची एम ८२: कशी शोधावी, काय पाहावे

दुर्बिणीतून पहिली दीर्घिका पाहायची म्हटले की बहुतेक जण देवयानीकडे वळतात. ते साहजिक आहे, ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पण आयपीसला डोळा लावल्यावर पुष्कळांची निराशा होते. नाव एवढे मोठे आणि दिसतो तो पांढुरका, धूसर डाग. त्यात नेमके काय बघायचे ते कळत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की देवयानीनंतर लगेच एम ८२ पाहावी. सप्तर्षींच्या शेजारची ही दीर्घिका लहान दुर्बिणीतूनही ओबडधोबड आणि मधेच तुटलेली दिसते. हा तुटकपणा दुर्बिणीचा किंवा हवेचा दोष नाही. तिच्या पोटात तारे झपाट्याने जन्माला येत आहेत आणि त्यांच्यासाठी लागणारी धूळ आपल्या नजरेच्या आड येते आहे. हे आधी ठाऊक असेल, तर तोच आयपीस पुष्कळ काही सांगू लागतो.

कधी आणि कुठून

एम ८२ उत्तर आकाशात आहे, ध्रुवताऱ्यापासून सुमारे २० अंशांवर. पुण्या-मुंबईहून ती उत्तरेला सर्वात उंच चढते तेव्हा क्षितिजापासून ३९ अंशांच्या आसपास असते, नागपुरातून ४१ अंशांच्या थोडी वर आणि पणजीतून ३६ अंशांवर. म्हणजे आपल्याकडून ती कधीच डोक्यावर येत नाही. यासाठीच वेळ नीट निवडावी लागते. फेब्रुवारीच्या मध्याला ती रात्री १ च्या सुमारास सर्वात उंच असते, मार्चच्या मध्याला ११ ला आणि एप्रिलच्या मध्याला ९ ला. त्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा दीड तास आपला. मे उजाडला की ती संधिप्रकाशातच उतरायला लागते.

आता या वेळा पंचांगाशी जुळवून पाहा. होळी पौर्णिमेला येते, त्यामुळे तो आठवडा सोडून द्या. पण त्यानंतरची फाल्गुन अमावास्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या लगतची रात्र, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. चंद्र नाही, एम ८२ सोयीच्या वेळी उंचावर, आणि उन्हाळ्याचे धुरकट आकाश अजून पूर्ण बसलेले नाही. वर्षातून एकच रात्र काढता येणार असेल, तर ती ही काढा.

जागा निवडताना काळोखाइतकाच दिशेचा विचार करा. तुम्हाला उत्तरेकडे पाहायचे आहे, तेव्हा शहराचा उजेड पाठीमागे, दक्षिणेला राहायला हवा. पुणेकर जुन्नर-नारायणगावच्या बाजूला गेले तर हे आपोआप साधते. मुंबईकरांना जव्हारची बाजू चांगली. नागपूरकर सर्वात भाग्यवान. त्यांच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. एकट्याने रानात जाण्यापेक्षा एखाद्या गटाबरोबर जाणे केव्हाही बरे. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेते. अशा कार्यक्रमात मोठी दुर्बीण असतेच. रांगेत उभे असताना सूत्रधाराला एम ८२ लावायची विनंती करा. ती सहसा यादीत असते, पण शनी-गुरूच्या गर्दीत मागे पडते.

परदेशातल्या वाचकांसाठी दोन वाक्ये. लंडन किंवा न्यू जर्सीतून ही दीर्घिका मावळतच नाही आणि वसंतात खूप उंच चढते, तुमचे काम आमच्यापेक्षा सोपे आहे. सिडनी-मेलबर्नहून मात्र ती कधीच उगवत नाही. तिकडच्यांनी शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ पाहावी, तिच्याही केंद्रात असेच तारानिर्मितीचे उधाण आहे.

शोधायची वाट

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतले नकाशे आपल्या आकाशाशी पटकन जुळत नाहीत, कारण उत्तरेला उंच चढलेले सप्तर्षी आपल्याला उलटे दिसतात. चौकोनाचे तोंड खाली, ध्रुवाकडे असते. नकाशा उलटा धरा, म्हणजे गोंधळ थांबेल.

चौकोनातले दोन तारे हवेत: पुलस्त्य आणि क्रतू. क्रतू म्हणजे चौकोनाचा ध्रुवाकडच्या बाजूचा तेजस्वी तारा आणि पुलस्त्य त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरकी रेघ ओढा. हे अंतर सुमारे १० अंश, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढे. तीच रेघ क्रतूच्या पुढे तेवढीच वाढवा. एप्रिलच्या रात्री उत्तरेकडे तोंड केले असेल, तर ही रेघ उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरते. ती संपते तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. अगदी काळोखी जागा असेल, तर जवळच एक मंद तारा दिसतो, २४ उर्सा मेजोरिस. त्याच्यापासून साधारण २ अंश पूर्वेला दोन धूसर ठिपके आहेत. एक एम ८१ आणि दुसरी आपली एम ८२.

दोघींमध्ये फक्त पाऊण अंशाहून थोडे कमी अंतर आहे, म्हणून कमी वर्धनाच्या, २५ ते ३० पटींच्या आयपीसमध्ये त्या एकत्र मावतात. हे दृश्य चुकवू नका. योहान बोडे यांना ३१ डिसेंबर १७७४ रोजी बर्लिनमध्ये या दोघी सापडल्या, त्याही एकाच रात्री. पुढे १७८१ मध्ये मेसिए यांनी त्या आपल्या यादीत घातल्या. मुक्काम काळोखात असेल, तर १० × ५० चा बायनॉक्युलरही पुरतो; एम ८१ ची प्रत ६.९ आणि एम ८२ ची ८.४ आहे.

आयपीसमध्ये काय पाहायचे

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान २० मिनिटे द्या. मोबाइल खिशात आणि टॉर्चला लाल कागद. बघताना नजर थेट दीर्घिकेवर न ठेवता जराशी बाजूला ठेवा. डोळ्यांच्या पडद्याचा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त जागरूक असतो. तेवढ्याने फरक पडला नाही, तर नळीला हलकी टिचकी मारा. हलणारा मंद प्रकाश चटकन जाणवतो.

आधी एम ८१ पाहा. अंडाकार मंद प्रकाश, मध्ये ठळक गाभा, आणि गाभ्यापासून बाहेर सावकाश विरत जाणारी चमक. ही शिस्तीतली सर्पिल दीर्घिका. मग नजर एम ८२ कडे न्या. ती निरांजनातल्या लांब वातीसारखी दिसते, अरुंद आणि सरळ. तिला मधोमध तेजस्वी बिंदू नाही. लांबीच्या बाजूने चमक एकसारखी उतरत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी कमीजास्त होते. दोघींतला हा फरक ८० मिलीमीटरच्या दुर्बिणीतही दिसतो आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण निरीक्षणाचा गाभा तोच आहे.

आता वर्धन वाढवा. इतर बहुतेक दीर्घिका १०० पटींच्या पुढे फिकट होऊन हरवतात. एम ८२ टिकते, कारण तिचा प्रकाश लहान जागेत दाटलेला आहे. ६ ते ८ इंची दुर्बिणीतून १२० किंवा १५० पटींना पाहिले, तर मध्याच्या जवळ तिरकी काळी खाच दिसते. जणू कुणी पट्टी मध्येच कापली आहे. तिथे तारे नाहीत असे नाही. दीर्घिकेतले सर्वात जास्त नवे तारे त्याच भागात आहेत. धुळीचा जाड पट्टा त्यांचा प्रकाश अडवतो. खाच दिसली की तिच्या दोन्ही बाजूंच्या चमकदार तुकड्यांचे कागदावर कच्चे चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. चित्र काढताना माणूस पाच मिनिटे जास्त बघतो आणि त्या पाच मिनिटांत खूप नवे दिसते.

रंग शोधू नका. छायाचित्रांतल्या लाल ज्वाळा डोळ्यांना दिसत नाहीत. उजेडाचे प्रदूषण कापणारे फिल्टरही दीर्घिकांसाठी फारसे कामाचे नाहीत. त्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा ते पेट्रोलला वापरा आणि आणखी काळोखात जा.

त्या काळ्या खाचेमागे काय चालले आहे

एम ८२ आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. आकाशात तिची लांबी सुमारे ११ कलांची दिसते. हे दोन आकडे गुणले की तिचा विस्तार ४० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास येतो, आपल्या आकाशगंगेच्या निम्म्याहून कमी. तरीही तिथे तारे आपल्यापेक्षा सुमारे १० पट वेगाने जन्मतात. आणि हे सगळे साऱ्या तबकडीत पसरलेले नाही. केंद्राजवळच्या जेमतेम ३ हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात दाटलेले आहे.

कारण शेजारीण. गेल्या सुमारे ५० कोटी वर्षांत कधीतरी एम ८२ ही एम ८१ च्या जवळून गेली. मोठ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने छोटीतला वायू ढवळून निघाला आणि त्यातला बराच केंद्राकडे घसरला. दाट वायू म्हणजे तारे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणींनी उदासीन हायड्रोजनचा नकाशा काढला, तेव्हा एम ८१, एम ८२ आणि तिसरी शेजारीण एनजीसी ३०७७ यांना जोडणारे वायूचे लांब पूल दिसले. आयपीसमध्ये त्यांच्यामधली जागा काळी आणि रिकामी वाटते. रेडिओ लहरींना ती भरलेली दिसते.

केंद्रातल्या ताऱ्यांची वये तपासली तर अशा उधाणाच्या दोन लाटा सापडतात, एक सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीची आणि दुसरी ५० लाख वर्षांपूर्वीची. या ताऱ्यांतले जड तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षेच जगतात. जिवंत असताना त्यांच्यातून जोराचे वारे सुटतात आणि मरताना त्यांचा स्फोट होतो. हजारो ताऱ्यांचा हा मारा एकत्र झाला की तापलेला वायू तबकडीत मावत नाही, वर आणि खाली फुटून बाहेर पडतो. १९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज यांनी एम ८२ मधून निघालेले हायड्रोजनचे तंतू दाखवले, तेव्हा केंद्रात एकच प्रचंड स्फोट झाला असावा असे त्यांना वाटले होते. आज आपण त्याला दीर्घिकेचा वारा म्हणतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वाहणारा. आपल्याला तबकडी जवळजवळ कडेने दिसते, हे आपले नशीब. समोरून दिसली असती, तर वारा आणि तबकडी एकमेकांत मिसळून गेली असती.

असे उधाण फार काळ चालू शकत नाही, आणि हे कागदावर पडताळता येते. तारे बनण्याजोगा रेणवीय वायू एम ८२ मध्ये ढोबळ मानाने १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाएवढा आहे. दरवर्षी सुमारे १० सूर्यांचा वायू ताऱ्यांत जात असेल, तर साठा १० कोटी वर्षांत संपेल. वारा जो वायू बाहेर फेकतो तो धरला, तर त्याहूनही लवकर. दीर्घिकांची आयुष्ये हजार कोटी वर्षांच्या घरातली असतात. तेव्हा आपण एम ८२ ला तिच्या आयुष्यातल्या एका अगदी छोट्या, धामधुमीच्या टप्प्यात गाठले आहे.

तिला ‘अनियमित’ का म्हणत, याचाही उलगडा यात आहे. दृश्य प्रकाशात धुळीने तिचा चेहरा इतका फाटलेला दिसतो की जुन्या वर्गीकरणात ती अनियमित गटात गेली. २००५ मध्ये मेक्सिकोत काम करणाऱ्या मय्या, कारास्को आणि लूना यांनी धुळीतून पार होणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशात तिची छायाचित्रे घेतली आणि त्यात दोन सर्पिल भुजा सापडल्या. आतली शिस्त शाबूत होती.

छायाचित्रे वाचायची कशी

इंटरनेटवर एम ८२ ची शेकडो चित्रे आहेत. प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारा: हे कोणत्या प्रकाशात घेतले आहे? हबलचे २००६ चे प्रसिद्ध चित्र दृश्य प्रकाशाच्या आसपासचे आहे. त्यातल्या तबकडीला काटकोनात फुटणाऱ्या लाल ज्वाळा म्हणजे तापून उजळलेला हायड्रोजन. चंद्रा या दुर्बिणीची क्ष-किरणांतली चित्रे लाखो-कोटी अंश तापलेला वायू दाखवतात. वेब दुर्बिणीचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र अवरक्त आहे, आणि त्यातले तांबडे तंतू हायड्रोजनचे नाहीत. ते कार्बनी रेणू आहेत, पृथ्वीवर धुरात आणि काजळीत सापडणाऱ्या प्रकारचे. दोन चित्रांतला तांबडा रंग सारखा दिसतो म्हणून एकच अर्थ लावला, तर सगळे चुकते. हबल आणि वेबची चित्रे शेजारी ठेवून काळी खाच शोधा. हबलमध्ये जिथे काळोख आहे, तिथे वेबला ताऱ्यांचे दाट गुच्छ दिसतात. या केंद्रात असे शंभराहून जास्त महागुच्छ मोजले गेले आहेत. हे ताडून बघायला अलादीन लाइट हे मोफत साधन उत्तम आहे. तेच आकाश ते वेगवेगळ्या तरंगलांबींत एकावर एक दाखवते.

स्वतः छायाचित्र काढणार असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. साध्या वर-खाली, डावी-उजवी फिरणाऱ्या माउंटवर उत्तर आकाश फार झपाट्याने गोल फिरते, म्हणून १० ते २० सेकंदांची अनेक छोटी छायाचित्रे घेऊन ती सॉफ्टवेअरने एकमेकांवर बसवा. इक्वेटोरियल माउंट असेल तर लांब एक्स्पोजर देता येतात, मात्र आपला ध्रुवतारा जेमतेम १८-१९ अंशांवर असल्याने तो झाडा-इमारतींच्या आड जाणार नाही अशी जागा आधी बघून ठेवा. लाल ज्वाळा हव्या असतील, तर ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर आणि काही तासांचे एकूण एक्स्पोजर लागेल. एका रात्रीत झाले नाही तर पुढच्या अमावास्येला भर घाला, डेटा जुना होत नाही.

जुनी छायाचित्रे मुळीच पुसू नका. २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमध्ये स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना वेधशाळेतली छोटी दुर्बीण हाताळायला शिकवत होते. ढग दाटत होते, म्हणून त्यांनी तेजस्वी आणि देखणी असल्याने एम ८२ लावली, आणि चित्रात एक तारा जास्तीचा दिसला. तो एसएन २०१४जे हा सुपरनोव्हा, कित्येक दशकांतला आपल्या सर्वात जवळच्या सुपरनोव्हांपैकी एक. नंतर शोधले तेव्हा आधीच्या काही दिवसांत इतरांनी घेतलेल्या चित्रांतही तो सापडला. कोणी जुन्या चित्राशी ताडून पाहिले नव्हते. म्हणून दर वेळी नवे चित्र जुन्याशेजारी ठेवा. जास्तीचा तारा दिसला, तर तो लघुग्रह किंवा कॅमेऱ्यातला दोष नाही ना, हे तासाभराने दुसरे चित्र घेऊन तपासा. खात्री पटली की आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर कळवता येते, आणि ते हौशी माणसालाही खुले आहे.

इथे एक बारकावा आहे. एसएन २०१४जे हा नव्या जड ताऱ्याचा मृत्यू नव्हता. तो जुन्या श्वेत बटूचा स्फोट होता, म्हणून त्याला तारानिर्मितीच्या उधाणाचा पुरावा समजू नका. उधाणाची खूण वेगळीच निघाली. तो स्फोट बघण्यासाठी नासाची न्यूस्टार ही क्ष-किरण दुर्बीण एम ८२ कडे वळली होती. त्या निरीक्षणांत १.३७ सेकंदांनी लुकलुकणारा एक स्रोत सापडला, एम ८२ एक्स-२. इतका तेजस्वी स्रोत कृष्णविवरच असणार असे मानले जाई. तो निघाला न्यूट्रॉन तारा, म्हणजे जड ताऱ्याचा उरलेला गाभा. त्या संशोधक गटात तेव्हा पुण्याच्या आयुकात असलेले वरुण भालेरावही होते. पुढे १५ नोव्हेंबर २०२३ रोजी इंटिग्रल उपग्रहाने एम ८२ मधून आलेला गॅमा किरणांचा क्षणभराचा झोत टिपला. तो प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा, मॅग्नेटारचा भडका होता. जिथे जड तारे भराभर जन्मतात, तिथे त्यांचे असे अवशेषही भराभर जमतात.

त्याच रात्री आणखी एक

एम ८२ पाहून झाल्यावर दुर्बीण आवरू नका. रात्री ११ नंतर श्यामशबल तारकासमूह उंच आलेला असतो. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी ताऱ्याच्या, बीटाच्या, उत्तरेला सुमारे ३ अंशांवर एनजीसी ४४४९ आहे. हीसुद्धा साधारण सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर आणि तारानिर्मितीने पेटलेली, पण खऱ्या अर्थाने अनियमित. धूळ भेदली तरी आत सर्पिल भुजा निघत नाहीत. तिच्यातले तारे एकाच केंद्रात न जन्मता सगळीकडे विखुरलेल्या ठिणग्यांतून जन्मतात. महाराष्ट्रातून ती ६० अंशांच्याही वर चढते, त्यामुळे हवेचा त्रास कमी. ८ इंची दुर्बिणीतून १०० पटींना ती जवळजवळ आयताकृती, गाठीगाठींची दिसते. तिचेही कच्चे चित्र काढा, एम ८२ च्या चित्राच्या शेजारी ठेवा, आणि कोणत्या गाठी कुठे आहेत ते तारीख, वेळ, आयपीस आणि आकाशाची अवस्था यांसह वहीत नोंदवा.